अबू फारेस बसत नाही

माझा धंदा माणसं बसवण्याचा. दुबईत अल मनखूलमधल्या एका मध्यम हॉटेलात मी बँक्वेट मॅनेजर आहे. लग्न असो, बारसं असो नाहीतर विमा एजंटांचा मेळावा, कोण कुठे बसणार हे मी ठरवतो. रुसलेल्या आत्या पहिल्या रांगेत, रुसवणारे काका खांबामागे, आणि ज्या दोन भावांत गावच्या जमिनीवरून अबोला आहे त्यांच्या मधोमध एसीचा सर्वांत गार झोत. दोघंही थंड राहतात. वसईत आमचे बाबा गावातल्या लग्नांत हेच करायचे, फुकट. मी दिरहम घेतो, एवढाच वंशाचा उत्कर्ष.

अशा माझ्या राज्यात एक माणूस निघाला, ज्याला मला काही केल्या बसवता येईना.

अबू फारेस आमचा सिक्युरिटी सुपरवायझर. पॅलेस्टिनी. साठी ओलांडलेली, मान बैलाची, मिश्या पांढऱ्या आणि आवाज मात्र इतका मऊ, की वॉकीटॉकीवर त्याला सगळे दोनदा विचारत. त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी केबिनमध्ये दाराकडे पाठ करून फोनवर बोलत होतो. तो आत आला. मला खुर्चीसकट उचलल्यासारखं करून त्याने फिरवलं आणि माझी पाठ भिंतीला लावली. मग समाधानाने मान हलवली.

मी म्हणालो, "बसा ना."

"सिद्दीक," तो म्हणाला, म्हणजे मित्रा, "तुम बैठो. हम खडा."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की मरताना माझ्या कानात प्रार्थनेच्या जागी हेच येईल अशी मला भीती आहे. त्याची हिंदी बर दुबईत शिकलेली होती. तिच्यात क्रियापदं कामापुरती, व्याकरण शून्य आणि प्रेम भरपूर.

तो खरंच बसत नसे. ड्यूटीवर सोडा, कँटीनमध्येही नाही. ताट हातात घेऊन भिंतीला पाठ टेकून जेवे. त्याच्याकडे एकच काळा कोट होता आणि त्याच्या पाठीवर कायम भिंतीचा पांढरा रंग. लाँड्रीवाला वैतागून म्हणायचा, "इसका कोट धोऊं कि पूरा हॉटेल?" पण तो रंग कोटाला नक्की कुठे लागतो हे त्यालाच माहीत. आम्हाला अबू फारेसची पाठ कधी दिसलीच नाही. तो लिफ्टमध्ये शेवटी शिरे आणि बाजूच्या भिंतीला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून उभा राही. बायकोचं लक्ष नसताना चोरून बर्फी खाणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था व्हायची.

दुसरी खोड दाराची. दारावर टकटक झाली की उघडायला तोच. तुम्ही दाराला खेटून उभे असा, तरी तुमच्या छातीवर त्याचा पंजा येणार, तुम्ही मागे, तो पुढे. एका नाताळाला मी त्याला घरी जेवायला बोलावलं. तो ताट घेऊन आमच्या शोकेसला टेकून उभा, त्यातल्या मदर मेरीच्या शेजारी, जणू तिचाही बॉडीगार्ड. इतक्यात बेल वाजली. माझी बायको उठली. हा माणूस एका हातात कोंबडीच्या इंदियालचं ताट तोलत सोफ्यावरून अक्षरशः उडी मारून दाराशी पोचला. बाहेर शेजारच्या केरळी बाई, हातात केक. त्यांनी याचा चेहरा पाहिला आणि केक त्याच्या हातात देऊन पळाल्या. तो केक त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या कोणासाठी आणला होता, हे नंतर कळलं.

माझी मुलगी म्हणाली, "डॅडी, हू इज ही? ही इज सो कूल!"

बायको म्हणाली, "तुझे मित्र कधीतरी माणसांत बसणारे आण रे."

तो कोण होता हे आम्हाला हप्त्याहप्त्याने कळलं. पोरवयात तो निर्वासितांच्या छावणीतून एका तुकडीत भरती झाला होता. तिचं काम पुढाऱ्यांच्या जिवाची राखण. तुकडीला नाव होतं, पण तो ते उच्चारत नसे. 'आमचं घर' एवढंच म्हणे. दिवस शांततेचे असले की पुढाऱ्याच्या मागे उभं राहायचं. लढाई पेटली की तीच पोरं कमांडो म्हणून आघाडीवर. "दो काम, एक पगार," तो म्हणायचा, "तुम्हारा हॉटेल जैसा." त्या घराने सगळीच कामं पुण्याची केली असं नाही. ते त्याने कधी लपवलं नाही आणि सांगितलंही नाही. विषय तिथे आला की तो छताकडे बघत फायर अलार्म तपासायचा.

तिथे त्याला सर्वांत आधी बंदूक शिकवली नव्हती. उभं राहायला शिकवलं होतं. भिंतीला पाठ, दाराकडे नजर, वजन दोन्ही पायांवर. त्याचा उस्ताद म्हणायचा, जो बसला तो पाहुणा, जो उभा तो पहारेकरी. हे वाक्य त्याने मला एकदा अरबीत म्हणून दाखवलं, मग हिंदीत, आणि मग पुन्हा अरबीत, स्वतःसाठी.

बैरूत सोडावं लागलं ती गोष्ट तो रंगवून सांगे. सगळी फौज जहाजांत चढत होती आणि गच्च्यांतून बायका तांदूळ उधळत होत्या.

"अक्षता!" मी म्हणालो. "आमच्याकडे लग्नात नवरानवरीवर टाकतात."

"हां," तो म्हणाला, "वही. लेकिन दुल्हन नहीं था."

मग ते घर फुटलं. कोणी त्यूनिसला, कोणी येमेनला, कोणी अल्जीरियाच्या वाळवंटात. पुढे कित्येक वर्षांनी तह झाला, पुढारी परतले, पोरांना वर्दी मिळाली, महिन्याचा पगार मिळाला. घराला पाटी लागली आणि काही काळाने ते घरच दुसऱ्या मोठ्या घरात विरघळून गेलं. त्याच्या वयाचे सगळे परत गेले होते. तो नाही गेला. आधी कुणाच्या तरी ट्रकवर ड्रायव्हर, मग गोदामावर पहारा, मग आमच्याकडे.

"का नाही गेलास?"

"मेरा ड्यूटी पहले खलास," तो म्हणाला आणि छताकडे बघू लागला.

आमच्याकडे मात्र त्याची ड्यूटी संपत नसे. हॉलमध्ये दहा बायकांची भिशी असली तरी तो एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या भेटीसारखा सगळीकडे फिरून बघे. एका संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींनी हळदीकुंकू ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे म्हणून मालिकेत सासऱ्याचं काम करणारे एक नट मुंबईहून आणले होते. मी खट्याळपणे अबू फारेसला म्हटलं, "व्हीआयपी है. बहुत बडा." संपलं! तो त्या सासऱ्याच्या मागे चिकटला तो थेट निघेपर्यंत. कोणी तिळगूळ पुढे केला की हा तो घेऊन आधी वास घेई, मग पाहुण्याला देई. हळदीकुंकवाची तबकं त्याने अशी तपासली की बायकांना वाटलं कस्टमवाले आले. पाहुणे आधी घाबरले, मग फुलले, आणि भाषणात म्हणाले, "माझ्या जिवाला धोका आहे हे मला आजवर माहीत नव्हतं." पुढच्या वर्षी त्यांनी मानधन कमी सांगितलं, पण अट घातली: तो माणूस हवा.

आता माझ्यासारख्या बसवणाऱ्याला असा न बसणारा माणूस म्हणजे आव्हानच. माझा साथीदार आमचा शेफ, रफीकभाई. दापोलीचा. त्याच्या भाताला दुबईत तोड नाही असं तो स्वतःच सांगतो आणि दुर्दैवाने ते खरं आहे. उभ्याने जेवणं हा त्याला अन्नाचा अपमान वाटे.

"बस्त्याव, अरे बाबा, हा माणूस जेवतो का इंजेक्शन घेतो?" तो मला म्हणे.

आम्ही कट केला. अबू फारेसच्या वाढदिवसाला हॉलमधलं नवरदेवाचं सोनेरी सिंहासन कँटीनमध्ये आणलं. सगळा स्टाफ टाळ्या वाजवत होता, रफीकभाईने केक त्याच्या हातात दिला, मी सिंहासनाकडे बोट करून झुकलो. तो आला, सिंहासनावरची धूळ रुमालाने झटकली, केक सिंहासनावर ठेवला आणि शेजारी उभं राहून कापला. वर केकच्या मागे सावधानचा पवित्रा घेतला. आम्ही हसून हसून लोळलो. तोही हसला.

मग रफीकभाईने हुकमाचा पत्ता काढला. मकलूबा. हा त्या लोकांचा जिवाचा पदार्थ. तळलेली वांगी, मटण आणि भात पातेल्यात थरांनी रचायचा, शिजवायचा आणि वाढताना अख्खं पातेलं ताटात उलटं करायचं. रफीकभाई आठवडाभर त्यावर खपत होता. एका दुपारी त्याने कँटीनच्या टेबलावर ताट ठेवलं, समोर खुर्ची मांडली, अबू फारेसला बोलावलं आणि पातेलं उपडं केलं. भात किल्ल्यासारखा उभा राहिला. वाफेबरोबर दालचिनीचा वास सगळीकडे पसरला.

अबू फारेसने ताटाकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. त्याचा चेहरा, कसं सांगू, ओल्या कापडाने फळा पुसावा तसा कोरा झाला. तो तसाच निघून गेला.

रफीकभाई कालथा धरून तसाच उभा. "माझ्या भातावर थुंकला असता तरी चाललं असतं," तो म्हणाला. "हे काय केलं याने?"

आम्ही दोघांनी तो भात खाल्ला. अप्रतिम होता.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई आपल्या मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आल्या. पॅलेस्टिनी कुटुंब, राहायचं कॅनडात, नवरा मुलगा इथला. बाई पंचेचाळिशीच्या, मोकळ्या, हसऱ्या. हॉल आवडला. मग रफीकभाईने चवीसाठी थोडं थोडं मांडलं, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळं ठेवा. फक्त मकलूबा नको. माझी आई येणार आहे. तिच्यासमोर तो पदार्थ आणायचा नाही. आमच्या घरात तो कधी शिजतच नाही."

रफीकभाईने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. दारात अबू फारेस होता, आणि तो भिंतीला पाठ टेकून नव्हे, तर भिंतीत शिरायचा प्रयत्न करत असल्यासारखा उभा होता. बाईंनी जाताना नाव लिहून घ्यायला सांगितलं आणि वडिलांचंही सांगितलं, त्यांच्याकडे मुलीच्या नावापुढे ते येतंच. अबू फारेसने त्यांच्यासाठी दार उघडलं. त्यांनी त्याला "शुक्रन, अम्मो" म्हटलं, म्हणजे थँक्यू काका, आणि त्या गेल्या.

संध्याकाळच्या आत त्याने लग्नाच्या दिवसाची रजा मागितली. ज्याने ईदलाही कधी रजा घेतली नव्हती त्याने.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं रास अल खोरला गेलो. हॉलच्या जुन्या खुर्च्या तिथल्या एका वर्कशॉपला दुरुस्तीसाठी द्यायच्या होत्या. पिकअप तो चालवत होता. गाडीत तो बसतो, पण ते बसणं तो धरत नाही. "ये ड्यूटी है," म्हणतो. परतताना ट्रॅफिक तुंबला. डावीकडे खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. मी आपला गंमत म्हणून म्हणालो, "बघ, तुझी तुकडी."

तो हसला नाही. समोरच्या ट्रककडे बघत बोलू लागला, अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. इतक्या वर्षांनी मला अरबी बोलता येत नसली तरी कळते.

तेव्हा तो बावीस-तेविशीचा होता. समुद्रकाठचं एक शहर. कुठलं, ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही. त्याला एका माणसाच्या राखणीला लावलं होतं. तो काही फार मोठा पुढारी नव्हता. पूर्वी मास्तर होता, छावण्यांतल्या शाळांचं काम बघायचा. घरात बायको आणि एक चिमुरडी. हा जिन्यावर उभा. सकाळपासून उभा. दुपारी आतून मकलूब्याचा वास आला. मास्तरांच्या बायकोने दार उघडून आत बोलावलं. याने नाही म्हटलं. ती म्हणाली, "माझ्या दारात माणूस उपाशी उभा राहणार आणि मी आत जेवू?" मग मास्तर स्वतः आले, हाताला धरून त्याला आत नेलं, आपल्या शेजारी बसवलं. बायकोने पातेलं उलटं केलं. पोरीने टाळ्या वाजवल्या.

याने पहिला घास घेतला आणि दारावर टकटक झाली.

तो उठायला लागला. हात भाताने भरलेला. मास्तरांच्या बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. "बस, बाळा. जेवणाऱ्याने उठायचं नाही." आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बघा हो."

मास्तरांनी दार उघडलं.

पुढचं त्याने सांगितलं नाही. ट्रक हलला, आम्ही हललो. मग तो म्हणाला, "गोली किसका था, मालूम नहीं. आज तक मालूम नहीं. लेकिन कुर्सी मेरा था."

आमच्या वसईतही जेवत्या माणसाला उठवत नाहीत. आई म्हणायची, भरल्या ताटावरून यमानेही उठवू नये. पाठीमागे पिकअपचा रिकामा हौदा खडखडत होता आणि मला ते सोनेरी सिंहासन आठवत होतं, त्यावरचा केक आणि आमचं ते लोळून हसणं.

त्याच्या 'घराने', म्हणजे तुकडीने, त्याची चौकशी केली. शिक्षा केली नाही. कोणी वाकडा शब्दही बोललं नाही. "बोलता, तो अच्छा होता," तो म्हणाला. मास्तरांची बायको पोरीला घेऊन काही दिवसांत परदेशी निघून गेली. त्यानंतर त्याने तिला पाहिलं नव्हतं.

"तिला भेट," मी म्हणालो. "महिनाअखेर तू रिटायर होऊन मुलाकडे अम्मानला जाणार. पुन्हा कधी योग येणार?"

"वो घर में मकलूबा नहीं पकता," तो म्हणाला. "सुना ना तुम? इतना साल. मेरा कारण. मैं उसका सामने जाऊं, उसका नातीन का शादी में? तुम बोलो, सिद्दीक, तुम सबको बिठाता है. मेरे को किधर बिठाएगा?"

माझ्या धंद्यातला तो पहिला पाहुणा, ज्याची जागा मला माहीत नव्हती.

लग्नाच्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये फुलवाल्याशी भांडत होतो. वळून पाहतो तर अबू फारेस. काळा कोट, दाढी तासलेली, टेबलांच्या खालून पडदे उचलून बघतोय.

"रजा?"

"रजा है," तो म्हणाला. "लेकिन मास्टरसाब का नातीन है. दूसरा कौन देखेगा?"

मग मला कळलं, त्याने काय ठरवलं होतं. मागच्या दाराशी, वेटरांच्या ये-जा करण्याच्या बोळकांडीत उभं राहायचं, जिथून सगळा हॉल दिसतो आणि आपण कोणालाच दिसत नाही. राखण करायची, चेहरा दाखवायचा नाही.

पाहुणे आले. ढोल वाजले, बायकांनी अरबी लग्नात काढतात तो जिभेचा किलबिलता आवाज काढला, नवरी आली. आणि तिच्या मागून तिची आजी. सत्तरी ओलांडलेली, भरतकाम केलेला काळा झगा, हातात काठी, गुडघे कामातून गेलेले. तिला मी पहिल्या टेबलाची, दोन्ही हातांना टेकायला मिळेल अशी खुर्ची दिली. ती बसली, सगळ्या हॉलवर तिने एक नजर फिरवली. पहिल्या टेबलावरून मागचं दार दिसत नाही. निदान माझ्या आखणीत तरी दिसत नव्हतं. पण वेटर लेकराएवढी भाताची परात घेऊन बाहेर निघाले, अबू फारेसने सवयीने त्यांच्यासाठी दार हाताने धरलं, आणि तेवढा वेळ तो दाराच्या चौकटीत उभा राहिला. भिंतीला पाठ, वजन दोन्ही पायांवर.

म्हातारीची काठी खाली पडली.

तिने काठी उचलू दिली नाही. नातीच्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून ती उठली आणि टेबलांमधून चालत मागे येऊ लागली. तिची मुलगी धावली, "यम्मा, काय झालं?" म्हातारीने हाताने तिला थांबवलं. मी धावलो, कारण पाहुणे आपली जागा सोडून चालायला लागले की धावणं हे माझं काम. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

ती त्याच्यासमोर थांबली.

"अजून उभाच आहेस?" ती म्हणाली.

अबू फारेसचं डोकं खाली गेलं. त्याचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. त्याने तिला लेकीच्या नावाने, सलमाची आई म्हणून हाक मारली. "उम्म सलमा, मी त्या दिवशी बसलो."

"मी बसवलं," ती म्हणाली.

"माझी जागा जिन्यावर होती."

"तू उठत होतास. मी दाबून बसवलं. त्यांना दाराकडे मी पाठवलं. मी. माझ्या तोंडाने." तिने हाताने स्वतःच्या ओठांवर थापट मारली. "त्या पातेल्याला मी पुन्हा हात लावला नाही. माझ्या मुलीला मी सांगू शकले नाही, तुझ्या बापाला दारात कोणी पाठवलं. आणि तुलाही शोधलं नाही. का माहीत आहे? तू सगळ्यांना खरं सांगशील अशी मला भीती वाटायची."

"मी तुमच्यासमोर आलो नाही," अबू फारेस म्हणाला, "कारण चूक माझी."

"माझी."

"खाला, माझी." खाला म्हणजे मावशी.

इथल्या हॉटेलांत दोन अरब जेवणाच्या बिलासाठी भांडतात ते मी रोज बघतो. एकमेकांच्या हातातून हिसकावतात, शपथा घालतात, खांद्याने ढकलतात. ती दोघं तशीच भांडत होती. इतकी वर्षं दोन देशांत दोघांनी तो एकच अपराध पुरेपूर भरला होता, आणि आताही दुसऱ्याला त्यातलं काही द्यायला कोणी तयार नव्हतं.

तिची मुलगी, सलमा, पाठीमागे येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन तिने आईचा तो ओठांवर मारणारा हात धरला आणि सोडला नाही.

म्हातारीने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून, वेटरला सांगावं तसं, म्हणाली, "खुर्ची."

मी खुर्ची आणली. तिच्यासाठी.

"याला," ती म्हणाली.

तिच्याच टेबलावर, तिच्या शेजारी, मी खुर्ची मांडली. अबू फारेस तिच्याबरोबर तिथवर आला आणि खुर्चीमागे उभा राहिला, दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. ती बसली. तो नाही. तिने ताटात भात वाढला. तो नाही. सगळं टेबल बघत होतं. किचनच्या काचेतून रफीकभाई कालथा धरून बघत होता.

"खाला, तुम्ही जेवा," तो म्हणाला. "मी उभा आहे."

म्हातारीने ताट पुढे सरकवलं आणि टेबलाला हात टेकून पुन्हा उठली. गुडघे थरथरत होते. "मग मीही उभी," ती म्हणाली. "तू बसशील तेव्हा बसेन."

आता यातून त्याची सुटका नव्हती. पहारेकऱ्याने सगळं सोसावं, पण ज्यांची राखण करायची त्या घरच्या म्हातारीला दुखऱ्या गुडघ्यांवर उभं ठेवावं हे त्याच्या उस्तादाने शिकवलं नव्हतं. त्याने हॉलभर नजर फिरवली. मोठं दार, मागचं दार. ती एकच खुर्ची रिकामी होती, आणि मी घाईत ती अशी मांडली होती की बसणाऱ्याची पाठ थेट मोठ्या दाराकडे. माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट मांडणी. मी पुढे होऊन ती फिरवणार, तोच त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी जाऊन मोठ्या दाराशी उभा राहिलो. भिंतीला पाठ लावली. माझं पोट, माझी टाय, माझे सपाट तळपाय. मास्तरांच्या घराची राखण करायला याहून निरुपयोगी माणूस अख्ख्या बर दुबईत मिळाला नसता. पण मी दोन्ही पायांवर वजन दिलं, त्याने शिकवल्यासारखं, आणि त्याला म्हणालो, "तुम बैठो. हम खडा."

तो बसला. हळूहळू, थंड पाण्यात उतरावं तसा. म्हातारी त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याच्या ताटात हाताने मटणाचा तुकडा ठेवला.

तेव्हाच बाहेरून कोणीतरी मोठं दार ठोठावलं. उशिरा आलेलं एखादं बिऱ्हाड असणार. त्याचे खांदे ताठ झाले. घास हातात तसाच. म्हातारीने या वेळी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. नुसती बघत राहिली.

तो उठला नाही.

दार मी उघडलं. एक जाड काका, एक जाड काकू, हातात चांदीच्या कागदातली भेट. मी त्यांना आत घेतलं, दार लावलं आणि पुन्हा भिंतीला पाठ टेकली.

त्या महिन्याअखेर तो अम्मानला गेला. विमानतळावर निरोप झाला, मिठ्या झाल्या, रफीकभाई रडला. पण मला तो आठवतो तो तिथला नव्हे. आठवते ती लग्नातली त्याची पाठ, कारण इतक्या वर्षांत मी ती तेव्हाच पाहिली. काळ्या कोटावर मधोमध आमच्या हॉटेलच्या भिंतींचा पांढरा रंग, थरावर थर. तो खाली वाकत होता, पुन्हा सरळ होत होता. एवढ्या लांबून मला नक्की कळेना, तो जेवतोय की रडतोय. मी दाराशी उभा होतो. जागा सोडून बघायला जाता येत नव्हतं.